मी घासलेले पत्रे

अप्पा,

कारखान्यात तुमची शोकसभा झाली. सहा जण बोलले आणि सहाही जणांनी तुम्हाला प्रामाणिक म्हटलं. मालक म्हणाले, "आमचा सिद्रामप्पा म्हणजे प्रामाणिक नोकर." हेडक्लार्क म्हणाले, "प्रामाणिक आणि मितभाषी." मितभाषी! तुम्ही! तुमच्या टोमण्यांच्या भीतीने हेच हेडक्लार्क मुलाम्याच्या शेडकडे फिरकत नसत. फिटरांतर्फे जो उठला त्याने 'हात सोन्याचा' एवढी भर घातली. सहावा मी. मीही प्रामाणिक म्हणालो, रुमालाने तोंड पुसलं आणि खाली बसलो.

प्रामाणिक तर राखणीच्या कुत्र्यालाही म्हणतात. या माणसाला डोकं होतं, असं त्या सभेत एकाच्याही तोंडून निघालं नाही. पाच जणांना ते ठाऊक नव्हतं, त्यांना एक वेळ माफ. सहाव्याला ठाऊक होतं.

बाहेर पडताना मालकांनी मला बाजूला घेतलं. "पंधरा दिवसांनी प्रदर्शन आहे. आपलं प्राणवायूचं यंत्र मांडू. रंगाऱ्याकडे पाटी दिली आहे. तुझं नाव घालतोय, पदवीसकट." सभेच्या सतरंज्या अजून गुंडाळायच्या होत्या, अप्पा. ज्या यंत्राचा जीव तुम्ही ओळखलात, त्याच्यावर माझं नाव.

ती पाटी लागू द्यायची की नाही, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. आज तो निकालात निघाला, म्हणून तुम्हाला लिहायला मला तोंड आहे.

मी पहिल्या दिवशी आलो तेव्हा अंगात नवी पेठेत शिवलेला कोट होता. वैरागच्या बाजारात पोती वाहणाऱ्या बापाचा मुलगा पुण्याहून बी.एस्सी. होऊन आला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला सही येत नव्हती. त्या पदवीचा मला अभिमान होता. आजही आहे, तो मी कशाला लपवू? मालकांनी ओळख करून दिली, "हे आपले नवे केमिस्ट." तुम्ही निकेलच्या हिरव्या पाण्यावर वाकला होतात. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वर न बघताच विचारलंत,

"केमिस्ट म्हंजे काय करतेत?"

मी म्हणालो, "पदार्थांचे गुणधर्म तपासायचे, त्यांचं प्रमाण ठरवायचं..."

"म्हंजे मी करतोय तेच की. तुमी कोट घालून करणार."

सगळी शेड हसली. त्या दिवसापासून मला नाव उरलं नाही. मी 'बीएस्सी' झालो. "बीएस्सी, सरका, ॲसिड उडंल कोटावर." "बीएस्सी, ह्या पाण्याला आज काय झालंय सांगा बघू." आणि मी लिटमसचा कागद बुडवून, तराजू मांडून उत्तर काढेपर्यंत तुम्ही पेलाभर पाणी उन्हात धरून ते सांगून मोकळे झालेले असायचात. बहुतेक वेळा दोघांचं उत्तर एकच यायचं. जेव्हा यायचं नाही तेव्हा वजनात माझी चूक निघायची. ते तुम्ही चारचौघांत कधी बोलला नाहीत, हेही सांगून टाकतो.

सायकलींची हँडलं, घंटा, कंदिलांची डोकी, शिवणयंत्रांची चाकं, सगळ्यांवर निकेल चढवणं हे तुमचं काम. तेलाच्या इंजिनावर डायनामो फिरायचा, टाकीतल्या पाण्यातून वीज जायची आणि दांडीला टांगलेल्या लोखंडावर पांढरी चमक धरायची. त्या पाण्याचा एकच वैरी, लोखंडाचा गंज. तो मिसळला की मुलामा काळपट येतो आणि सोलून निघतो. असं नासलेलं पाणी तुम्ही फेकून देत नव्हतात. शेडच्या मागे पत्र्याखाली एका वेगळ्या टाकीत साठवायचात. तिला सगळे 'नासकी' म्हणायचे. मी विचारलं होतं, ही कशाला ठेवलीय? तुम्ही म्हणालात, "नासलेल्या दुधाचं बी कायतरी होतंय की."

मग मालकांच्या डोक्यात प्राणवायू आला. गिरण्यांतले तुटलेले भाग आपल्याकडे जोडायला येत. जोडायच्या ज्योतीला प्राणवायू लागायचा आणि त्याची नळकांडी मुंबईहून रेल्वेने यायची. ती अडकली की भाग पडून राहायचे, गिरणीवाले दारात येऊन ओरडायचे. मालक मला म्हणाले, "पाण्यातून वीज सोडली की प्राणवायू निघतो म्हणे. मग आपणच काढू." मी कॉलेजात तो प्रयोग केला होता. काचेच्या नळीत, प्लॅटिनमच्या नखाएवढ्या पत्र्यावर. इथे आपण लोखंडाच्या सहा पेट्या एकामागून एक जोडल्या, त्यांत कॉस्टिक सोड्याचं पाणी भरलं आणि दोन दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचं कापड सोडलं. ज्या पत्र्यावर हायड्रोजन निघतो त्याचं काही नडत नाही, साधं लोखंड चालतं. अडतं ते प्राणवायूच्या पत्र्यावर. तिथे साधं लोखंड टिकत नाही म्हणून निकेलचा मुलामा. आणि तरीही प्राणवायू सुखासुखी सुटत नाही. हिशेबाने जेवढा विजेचा जोर लागायला हवा त्याहून जास्त जोर लावावा लागतो. किती, ते पेट्यांना जोडलेल्या मापकाचा काटा दाखवायचा. माझ्या पुस्तकात यावर एकच ओळ होती. पत्र्याचा धातू बदलला की हा जास्तीचा जोर कमीजास्त होतो, असं काहीसं. का होतो, ते पुस्तकालाही माहीत नव्हतं.

तुम्ही मुलामा दिलात, मी तारा जोडल्या. माझ्या मते शोध माझ्याकडे होता आणि हमाली तुमच्याकडे.

दोन महिन्यांनी एका दुपारी तुम्ही पेटीत डोकं घालून म्हणालात, "बीएस्सी, जुने पत्रे नव्यापरीस हलके चालतेत."

"हलके म्हणजे?"

"काटा बघा की. काल नवा पत्रा घातला, तर काटा वर गेला. जुन्याला एवढा जोर लागत न्हाय. आन् बुडबुडे बघा. नव्यावर साबुदाण्याएवढे होतेत आन् चिकटून बसतेत. जुन्यावर खसखस. बसायलाच तयार न्हाईत."

मी डोकावलो. जुना पत्रा तपकिरी पडला होता. म्हणालो, "अप्पा, कॉस्टिकमधून गंज येऊन बसलाय. मळ आहे तो. घासून काढायला हवा."

"मळ काम करायलाय तर करू द्या की. मळाची जात कशाला इचारताव?"

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन आलो, तुम्हाला पान उघडून दाखवलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून दाखवलं. "यात असं काहीही लिहिलेलं नाही." तुम्ही पानावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "पुस्तक लिव्हणाऱ्यानं आपल्या पेट्या बघितल्यात व्हय?"

पुढे तुम्ही काय केलंत ते सगळ्या शेडने पाहिलं आणि कुणालाच कळलं नाही. काळा रंग धरण्यासाठी रंगारी वापरतात तो हिराकस तुम्ही आणलात. म्हणजे लोखंडाचंच मीठ. तो नासक्या टाकीत ढवळलात आणि प्राणवायूचे नवे पत्रे त्या पाण्यात टांगलेत. जन्मभर ज्याला निकेलच्या पाण्याबाहेर हाकललं, त्याला स्वतःच्या हाताने आत घेतलंत. मी थट्टा केली, "अप्पा, म्हातारपणी बुद्धी फिरली का?"

"हँडलला चमकायचं असतंय," तुम्ही म्हणालात. "ह्या पत्र्याला पेटीत कोण बघणार हाय? त्यानं काम करायचं."

ते पत्रे निघाले राखाडी, पिवळसर झाक असलेले, बघायला अगदी दळभद्री. पेटीत घातले तर पहिल्याच दिवशी काटा खाली. जुना पत्रा दोन महिन्यांत जे शिकला ते हे जन्मतःच शिकून आले होते. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि त्या दिवशी माझ्या वहीत मी काय लिहिलं, सांगू? "आज उष्मा फार. काटा खाली आल्याचं कारण बहुधा हेच." ती वही माझ्यापाशी आहे. ती ओळ मी खोडलेली नाही. माझ्या पदवीसोबत तीही लोकांनी बघावी.

मुंबईहून इंजिनिअर येणार होते. यंत्र पाहून, आणखी बारा पेट्या मांडाव्यात की नाही याचं मत ते देणार होते. आदल्या दिवशी तुम्ही अक्कलकोटला भावकीतल्या लग्नाला गेला होतात. मालक फेरी मारायला आले आणि पेटीचं झाकण उघडून ओरडले, "हे कसले घाणेरडे पत्रे? साहेब काय म्हणतील?"

मी सांगू शकलो असतो. केमिस्ट मी होतो, मालक नव्हे. पण खरं सांगतो अप्पा, मलाही लाजच वाटली. बी.एस्सी.चं यंत्र आणि त्यात गंजल्यासारखे पत्रे! मी ते सगळे बाहेर काढवले. ॲसिडमध्ये बुडवून तुमचा मुलामा उतरवला. स्वच्छ पाण्यातून नवा चढवला आणि चाकावर धरून माझा चेहरा दिसेपर्यंत घासला. संध्याकाळी सहाही पेट्यांत आरसे बसले होते. मी खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याच डायनामोवर, त्याच कॉस्टिकमध्ये वायू निम्मासुद्धा येईना. वायू भरला की वर उचलली जाणारी साठवणीची टाकी जागची हलेना. मी इंजिन जोरात पळवायला लावलं तर डायनामोचा पट्टा घसरू लागला आणि कॉस्टिक तापलं. साहेब हातात घड्याळ धरून उभे. एवढ्यात तुम्ही आलात, स्टेशनवरून थेट, काखेत गाठोडं. पेटीत एकदा वाकून बघितलंत. एकदाच. तुम्हाला सगळं कळलं, हे मला कळलं.

साहेबांनी मला विचारलं, "दोष कशात आहे?"

मी म्हणालो, "मुलाम्यात असावा. मुलामा मिस्त्री देतात."

किती सोपं वाक्य, अप्पा! दोष मुलाम्यातच होता. मुलामा मिस्त्रीच देत. एकेक शब्द खरा, आणि सगळं मिळून असं खोटं की आज लिहितानाही माझे कान तापतात. साहेब तुमच्याकडे वळले. "काय मिस्त्री?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पट्ट्याकडे बघत होतो.

"व्हय साहेब," तुम्ही म्हणालात, "मुलामा लई चकाचक झालाय."

सगळे हसले. साहेबही हसले. मालकांनी त्याच दिवशी तुम्हाला सायकलच्या शेडमध्ये पाठवलं आणि बजावलं, प्राणवायूच्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. ज्याने यंत्र चालतं केलं त्याला यंत्राची बंदी! आणि तो हुकूम ऐकताना मी तिथेच उभा होतो, हातात वही घेऊन, जणू काही लिहून घेत होतो.

महिन्याभराने तुम्हाला न विचारता मी पत्र्यांना पुन्हा तुमच्या नासक्या टाकीतला मुलामा चढवला. काटा खाली आला. साहेब पुन्हा आले, खूश झाले. "काय बदललंत?" मी म्हणालो, "मुलाम्यात थोडी सुधारणा केली." मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बारा पेट्या मंजूर झाल्या. तुम्ही तेव्हा वीस पावलांवर होतात.

राग तुमच्यावरही आहे. का नाही ओरडलात? मालकांच्या पगडीवरून त्यांच्या तोंडावर विनोद करणारे तुम्ही, माझ्यासारख्या पोरसवदा केमिस्टपुढे गप्प का बसलात? दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर नेहमीसारखी भाकरी मोडलीत, शेंगाचटणी माझ्या पुढ्यात सरकवलीत, "खावा बीएस्सी, पोटाला पदवी लागत न्हाय." तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्यात तर तो घास माझ्या घशाखाली उतरला असता.

एका सुटीच्या दिवशी तळ्याच्या कट्ट्यावर मी धीर केला. "अप्पा, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

तुम्ही शेंगा सोलत होतात. "मी बोलून काय झालं असतं? मुलामेवाला म्हणतोय मळ चांगला, बीएस्सी म्हणतेत मळ वाईट. साहेब कुणाचं ऐकतेत?"

"माझं."

"मग बोलायचं कुणी?"

मी म्हणालो, "बोलेन अप्पा. वेळ आली की बोलेन."

तुम्ही धोतरावरची टरफलं झटकलीत. "बोला की सावकाश. मी कुटं जायलोय?"

दोन वर्षं वेळ आली नाही. मग तुम्हाला विषमज्वर आला आणि नवव्या दिवशी तुमच्या माणसांनी लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून माती दिली. मी मूठभर माती टाकली आणि तिथेही काही बोललो नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेलो. म्हणालो, "पाटीवर माझं नाव नको. पत्र्याची युक्ती सिद्रामप्पांची."

मालक पान लावत होते. "अरे, नासक्या पाण्यात पत्रा पडला, तो नशिबाने बरा निघाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. याला शोध म्हणतात? शोधाला माप लागतं, हे तूच सांगतोस ना? त्याने माप केलं होतं?"

मी तसाच परत फिरलो. आणि का फिरलो, ते लिहितो. दोन वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलो होतो. मी मोजतो, अप्पा अंदाज करतात. माझं मन खात होतं तेव्हा मी त्याला हाच तुकडा टाकत होतो.

तुमच्या घरी गेलो. तुमच्या मंडळी, निलव्वाक्का, अंगणात ज्वारी निवडत होत्या. मला म्हणाल्या, "बसा बीएस्सी." त्यांच्या तोंडीही तेच नाव. मी विचारलं, अप्पांचं कामाचं काही सामान घरी आहे का? त्यांनी आतून हत्यारांची पिशवी आणली. त्यात सुतळीने बांधलेल्या पाच तांब्याच्या पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या, प्रत्येकीवर तोच राखाडी मुलामा. कडेला पंचाने ठोकलेली टिंबं. एकीवर एक, दुसरीवर दोन, अशी पाचापर्यंत.

"अक्का, ही टिंबं कसली?"

"चमचे हायत ते."

"चमचे?"

"माझ्या मिठातला लाकडी चमचा नेला न्हवं का! आजवर परत दिला न्हाय. सारख्याच पाण्यात एक चमचा हिराकस, तर पट्टीवर एक टिंब. दोन चमचे, दोन टिंबं. लिव्हता येत न्हवतं, मग काय करनार माणूस? रोज जेवताना हेच पुराण. चाराची खरी, पाचाची सोलतीया. मी म्हनलं, आता ह्यावर भाकरी भाजू व्हय तुमची?"

त्या हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला. मी विचारलं, "हे मला का नाही दाखवलं त्यांनी?"

"मी म्हनलं की, बीएस्सीला दाखवा म्हणून. म्हणाले, दाखवतो, पण इचारू दे की त्यानं."

मी विचारलं नाही, अप्पा. दोन वर्षं रोज एका पंगतीत जेवलो, आणि 'हिराकस किती घालता?' हे तीन शब्द विचारले नाहीत. विचारलं असतं तर मला ते ठाऊक नाही हे कबूल करावं लागलं असतं. यापलीकडे दुसरं कारण नाही.

मग मात्र मी जे शिकलो होतो ते बाहेर काढलं. प्रत्येक पट्टीचं टोक कापलं, वेगवेगळ्या पेल्यांत ॲसिडमध्ये विरघळवलं आणि अमोनिया ओतला. निकेल आणि तांबं पाण्यातच राहतं, पाणी निळंशार होतं. लोखंड तेवढं तपकिरी होऊन तळाशी बसतं. पाच पेले ओळीने मांडले होते. तराजू काढायच्या आधीच डोळ्यांना दिसत होतं. पहिल्या पेल्याच्या तळाशी चिमूटभर तपकिरी, दुसऱ्यात त्याहून जास्त, असं पायरी पायरीने पाचव्यापर्यंत. गाळलं, जाळलं, वजनं केली. वजनं तुमच्या टिंबांच्या मागोमाग चढत गेली. मग उरलेल्या पट्ट्या एकेक करून कॉस्टिकमध्ये धरल्या. पहिलीपासून चौथीपर्यंत काटा दरवेळी थोडा खाली. पाचव्या पट्टीचा मुलामा सोलून पाण्यात तरंगू लागला. अक्कांनी सांगितलं तसाच.

बाकी सगळं सारखं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि दरवेळी खूण करून ठेवायची. हे शिकायला मला पुण्यात चार वर्षं लागली आणि बापाची पाठ वाकली. तुम्ही ते मिठाच्या चमच्याने केलंत. परदेशात कुणाला ही गोष्ट आधीच कळलेली असेलही, मी काही जगातली सगळी पुस्तकं वाचलेली नाहीत. पण सोलापुरात ती तुम्हाला कळली, स्वतःच्या डोळ्यांनी, आणि ज्याने ती पुसून टाकली तो पदवीधर होता.

मी पट्ट्या आणि वजनांचा कागद मालकांपुढे ठेवला. "माप केलं होतं."

त्यांनी पट्ट्या हातात उलटून पाहिल्या. मग म्हणाले, "बरं, असेल. पण प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून तेच साहेब येणार आहेत. त्यांना मी काय सांगू? माझा केमिस्ट खोटं बोलला?"

"तुम्ही सांगू नका. मी सांगतो."

"नोकरीचा विचार केलास का?"

"दोन वर्षं तोच करत होतो."

त्यांनी पाटी पुन्हा रंगवून घेतली. तिच्यावर आता कुणाचंच नाव नव्हतं, नुसतं 'आमच्या कारखान्यात तयार झालेले यंत्र.' म्हणजे तुम्हाला देण्यापेक्षा कुणालाच न दिलेलं बरं! प्रदर्शनात यंत्र मांडलं तेव्हा मी त्या पाटीखाली साध्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं : 'प्राणवायूच्या पत्र्यांची ही रीत सिद्रामप्पा, मुलामा मिस्त्री, यांनी शोधून काढली.' आणि पाचही पट्ट्या दोऱ्याला ओळीने टांगल्या, टिंबं लोकांकडे करून. मालक आले, त्यांनी तो कागद वाचला. त्यांचा हात त्याच्यापर्यंत गेला. भोवती आपले फिटर उभे होते, निलव्वाक्का होत्या. हात परत गेला.

आज सकाळी साहेब आले. त्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही, आधी पट्ट्यांकडे पाहिलं. "ही टिंबं काय आहेत?"

मी सांगितलं. चमचा सांगितला, खसखस सांगितली. मग त्या दिवशीचे आरसे कुणी बसवले ते सांगितलं. 'मुलाम्यात दोष' म्हणालो होतो तो मी, हे सांगितलं. माझा आवाज इतका चढला होता की शेजारी मांडलेल्या हातमागाजवळची माणसं येऊन उभी राहिली. जणू साहेबांनीच काही गुन्हा केला होता आणि मी त्यांना फैलावर घेत होतो. मालक जमिनीकडे बघत होते. बघू देत.

चार टिंबांची पट्टी साहेबांनी दोऱ्यातून सोडवली, उजेडात नेली, तिच्यावरून नख फिरवलं. पुन्हा टिंबं मोजली. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं,

"हा माणूस कुठं भेटेल?"

अप्पा, मी तेव्हाच बोललो असतो तर साहेबांनी हा प्रश्न तेव्हाच विचारला असता. आणि तुम्ही होतात की, सायकलच्या शेडमध्ये, हँडलांना ब्रश मारत.